निळ्या झाकणाचं साधं पाणी

अप्पा,

काल आठवीच्या वर्गात मी मिठाचा प्रयोग शेवटचा करून दाखवला. महिनाअखेरीला मी निवृत्त होते आहे, म्हणून शेवटचा. चिनी मातीच्या बशीत मीठपाणी घ्यायचं, खाली स्पिरिटचा दिवा ठेवायचा, पाणी उडून जातं आणि तळाशी पांढरं मीठ उरतं. इतकी वर्षं मी तो एकाच पद्धतीने करत आले, मीठ दिसलं की दिवा विझवायचा आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. काल काय सुचलं कोण जाणे, मी दिवा अर्ध्यातच विझवला आणि विचारलं, पाणी निम्मं झालंय, आता हे पुन्हा होतं तसंच करायचं असेल तर बशीत काय घालायचं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “बरी नीरु, मिस!” नुसतं पाणी. एकीलाही विचार करावा लागला नाही. तेरा-तेरा वर्षांच्या मुली. मी “गुड” म्हणाले आणि फळा पुसायला वळले, कारण माझे कान तापले होते. फळ्यावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं. हा प्रश्न मी आजवर कुठल्याच वर्गाला विचारला नव्हता, मुद्दाम टाळत होते. का टाळत होते हे मी एकाच माणसाला सांगायला हवं होतं, आणि त्या माणसाला जाऊन आता बावीस वर्षं झाली.

तुमच्या टाकीबद्दल लिहिते आहे, तुम्ही ओळखलंच असेल. आपल्या घराण्यात राजाच्या घोडदळात चाकरी केलेले पुष्कळ झाले, पण समुद्र पाहिलेला तुमच्याआधी कुणी नव्हता. तुम्हीसुद्धा पाहिलात तो अठ्ठावन्नाव्या वर्षी, कारखान्यातल्या लोकांनी निरोपाची म्हणून मंगळूरची सहल काढली तेव्हा. येताना बाकीच्यांनी काजू आणले, हलवा आणला. तुम्ही पाण्याची एक बाटली मांडीवर धरून घाट चढून आलात. आई दारातच म्हणाली, “अय्यो, लोक वाटेत देवळात उतरून प्रसाद आणतात, ह्यांनी मीठपाणी आणलंय. घरात मीठ नव्हतं काय की!” तुम्ही हसलात, चप्पल न काढताच कपाटातून ती काचेची नळी काढलीत, बाटलीतलं पाणी उंच भांड्यात ओतलंत आणि नळी त्यात सोडलीत. हायड्रोमीटर. तळाशी शिसं भरलेली, अंगावर बारीक रेघा असलेली. पाणी जितकं खारं तितकी ती वर उठते. “एक पॉइंट शून्य चोवीस,” तुम्ही म्हणालात, जणू नातवाचं वजन सांगता आहात. त्यानंतर चार महिन्यांत आपल्या बोगादीच्या घरात, हॉलमधल्या आतल्या भिंतीशी, तीन फुटी टाकी आली. गोड्या पाण्याचे मासे म्हैसूरात घरोघरी होते. खाऱ्या पाण्याचे पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. त्यांचं मीठ आणायला तुम्ही सकाळच्या गाडीने बेंगळूरला जायचात आणि संध्याकाळी पिशवी छातीशी धरून यायचात.

त्या टाकीत काय काय होतं ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी, मादी थोराड आणि नर तिच्या निम्मा. एक निळा, कुणाशी न पटणारा. आणि लाल-पांढऱ्या पाठीची ती कोळंबी, जिला आई शेवटपर्यंत सीगडीच म्हणत राहिली. “माझ्या माहेरी ह्याची चटणी करतात, आणि हे त्याला हात चाटायला देतात.” तुम्ही टाकीत हात घातलात की ती दगडाआडून यायची, तुमच्या बोटांवर चढायची आणि नखांच्या कडा साफ करायची. तुम्ही श्वास रोखून उभे. कोपरापर्यंत ओले झालेले, बनियनवर, चष्मा कपाळावर. तुम्ही कुणाच्याही हातात इतका वेळ हात दिलेला मी पाहिला नाही.

रोज सकाळी सात वाजता तुम्ही मीठ मोजायचात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचात. चोवीस, चोवीस, साडेचोवीस, चोवीस. मी एकदा म्हटलं होतं, अप्पा, अर्ध्याने काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, “आकडा स्वल्प इकडेतिकडे चालतो, पुट्टी. उडी नको. समुद्र काय एका दिवसात खारट-अळणी होत नाही की. त्यांना सवयच नाही त्याची.” ‘स्वल्प’ हा तुमचा आवडता शब्द. सगळं स्वल्प स्वल्प करावं, औषध, राग, मीठ.

ह्याआधीची एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हांला माझं अज्ञान वाटेल, आणि अज्ञानाची सवलत मला नको आहे. मी दहा वर्षांची असताना आयुधपूजेला तुम्ही मला कडकोळच्या कारखान्यात नेलं होतं. त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत जाता यायचं. यंत्रांना हळद-कुंकू, केळीचे खांब, दारात फोडलेला कोहळा, आणि तुमचा बॉयलर झेंडूच्या माळांनी नवरदेवासारखा सजवलेला. तुम्ही बॉयलरच्या पाण्याची तपासणी करायचात, त्या खोलीत तुम्हांला सगळे मान द्यायचे, ते मला प्रथमच दिसलं. तुम्ही मला उचलून वाफेच्या दाबाच्या एका काट्यापाशी धरलंत आणि विचारलंत, किती दाखवतोय? काट्यावर माळ आली होती, मला अर्धंच दिसत होतं. पण चार लोक बघत होते. मी ठोकून दिलं, “साठ!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माळ बाजूला केलीत. काटा चाळिसाच्याही खाली होता. तुम्ही मला खाली ठेवलंत आणि सगळ्यांच्या देखत, आवाज न चढवता म्हणालात, “दिसलं तेच सांगायचं. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचं. इथे असं सुम्मने, उगाच काहीतरी बोललीस तर माणसं मरतात.” माझ्या हातातल्या चिरमुऱ्यांच्या पुड्यावर टपटप पाणी पडलं. मग परतीच्या बसमध्ये तुम्हीच समजूत घालायला म्हणून बॉयलरच्या गोष्टी सांगत बसलात. पाणी वाफ होऊन जातं, पण वाफ मीठ घेऊन जात नाही, ते मागेच राहतं, म्हणून आतलं पाणी दाट दाट होत जातं. म्हणजे, अप्पा, दहाव्या वर्षीच मला हे तुमच्या तोंडून कळलं होतं. पुढे मी त्यातली पदवी घेतली. पगारही त्याचाच घेत आले.

आता ते आठ दिवस. एप्रिल होता. सरगूरहून आत्याचे यजमान गेल्याचा निरोप आला आणि तुम्हां दोघांना लगोलग निघायचं होतं, आठवडाभर राहायचं होतं. मी एकतिशीची, लग्नाचं कुठे जमत नव्हतं, आणि शाळेत पेपर तपासायचं काम चालू होतं, म्हणून मी मागे राहिले. निघायच्या सकाळी घरात दोन जणांच्या दोन सूचना चालल्या होत्या. स्वयंपाकघरात आई. नुकत्याच मिडी भरल्या होत्या, बोटाएवढ्या कोवळ्या कैऱ्या, मोठ्या बरणीत खारात बुडवलेल्या. “रोज झाकण उघडून बघ गं. खार उतरला, कैऱ्या वर डोकावल्या, की उकळून गार केलेलं मीठपाणी घाल. साधं पाणी चुकूनही नको. थेंब गेला साध्या पाण्याचा तर सगळी बरणी बुरसते.” हे मी लहानपणापासून दर वर्षी ऐकत आले होते. हात धुऊन, पुसून, कोरडे करून मगच बरणीला लावायचे, हे आपल्या घरात देवाला शिवण्याइतकं कडक. आणि हॉलमध्ये तुम्ही. टाकीच्या काचेवर तुम्ही चिकटपट्टीची रेघ लावली होती. खाली स्टँडमध्ये वीस-वीस लिटरचे दोन कॅन, निळ्या झाकणाचा साध्या पाण्याचा, पांढऱ्या झाकणाचा मीठ कालवून ठेवलेल्या पाण्याचा, जे तुम्ही दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून त्या जागी घालायचात. आदल्याच दिवशी तुम्ही त्यातून पाणी बदललं होतंत आणि त्याच वेळी कालवलेल्या पाण्याने तो पुन्हा भरून ठेवला होतात. “उन्हाळा आहे, वर पंखा आहे, पाणी उतरणार. रेघेपर्यंत रोज भर. चुकवू नको. काचेच्या नळीला हात लावू नको, मोडेल,” असं तुम्ही म्हणालात. कुठल्या कॅनमधलं भरायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत, असं मला आठवतं.

मी पांढऱ्या झाकणाचं भरलं. रोज दोन-तीन तांबे, रेघेपर्यंत, अगदी नेमाने. खारं पाणी उतरलं, खारं पाणी घातलं. सकाळी बरणी, मग टाकी, मग शाळा. मला तर स्वतःचं कौतुकच वाटत होतं, आईचं आणि अप्पांचं दोघांचंही राज्य कसं छान सांभाळते आहे. पाण्यातून मीठ उडत नाही हे मला ठाऊक नव्हतं काय? ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी पन्नास-साठ उत्तरपत्रिकांत ते वाचलं होतं आणि बरोबरची खूण केली होती. पण ते डोक्यात होतं आणि तांब्या हातात होता. हात आईच्या स्वयंपाकघरातला होता.

सातव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर सीगडी उताणी पडली होती. निळा कोपऱ्यात काचेला अंग घासत होता. जोडी तळाशी, कल्ले भराभर चालताहेत. मी तुमचा हुकूम मोडून नळी काढली आणि पाण्यात सोडली, आणि ती उठली. मी तिला इतकी वर आलेली कधी पाहिलीच नव्हती. एकतीस. मी ती काढून पुसून पुन्हा सोडली. एकतीस. आणि तिथे उभ्या उभ्या, पंख्याखाली, मला सगळं कळलं, कडकोळची बस, माळ, चिनी मातीची बशी, सगळं.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुम्हांला सांगायची गरज नाही. स्वल्प. दोन दिवस घेऊन, तांब्या-तांब्याने, साध्या पाण्याने आकडा खाली आणायचा होता. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होतात. मला मासे दिसत नव्हते, मला फक्त तुमचं सात वाजताचं मोजणं दिसत होतं. आकडा चोवीस दिसायला हवा होता. मी बादली घेतली आणि टाकीतलं पाणी काढलं, आणखी काढलं, आणि निळ्या झाकणाचा अख्खा कॅन उचलून आत ओतला. तेही पुरेना, तेव्हा नळाचं एक बादली पाणी, ब्लीचिंग पावडरचा वास येत असलेलं, तसंच. नळी खाली आली. चोवीस. मला हायसं वाटलं, अप्पा, हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण मला खरोखर हायसं वाटलं. मग माझं लक्ष पांढऱ्या झाकणाच्या कॅनकडे गेलं. तो तळाला गेला होता. रिकामा दिसला तर तुम्ही विचारणार. म्हणून टाकीतून काढलेलं पाणी मी त्यातच ओतलं, गळ्यापर्यंत, आणि झाकण लावून, बाहेरून पुसून, होता तसा ठेवून दिला. सीगडीला मी परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. सकाळी निळा तरंगत होता. दहाच्या सुमाराला नर.

तुम्ही आलात तेव्हा मादी एकटी पृष्ठभागाशी तोंड उघडत होती. तुम्ही पिशवी हातातच ठेवून बघत राहिलात. मी म्हणाले, कालपासून असं झालंय, काय झालं कळत नाही. आईने आत जाऊन पहिल्यांदा बरणी उघडली आणि तिथूनच ओरडली, “खार छान राखलास गं!” तुम्ही खुर्ची ओढून टाकीसमोर बसलात आणि मला हळू विचारलंत, “पुट्टी, पाणी कधी एकदम घातलंस काय? भीतीने म्हण, घाईने म्हण. रागावत नाही मी. कळलं तर हिचं काहीतरी करता येईल.” मी म्हणाले, “नाही अप्पा. रोज तांब्या-तांब्याने घातलं.” तुम्ही मान हलवलीत. तुमचा माझ्यावर विश्वास होता, हे मला त्या मान हलवण्यातून कळलं. तुम्ही त्या दुपारी विचारलंत ते माझ्यासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं, आणि मी तेही तिला मिळू दिलं नाही. ती आणखी दोन दिवस होती.

ती गेल्यावर तुम्ही शोध घ्यायला बसलात. तुम्ही ते तुम्हीच, खरं कारण कळल्याशिवाय कसे सोडाल? टाकी मोजली, चोवीस. निळ्या झाकणाचा कॅन रिकामा, म्हणजे साधं पाणी रोज गेलं. मग पांढरं झाकण उघडून तिथे नळी सोडलीत आणि बराच वेळ वाकून उभे राहिलात. मला हाक मारलीत. “हे वाच बघू. मला सरी, बरोबर दिसतंय काय ते सांग.” मी वाचलं. एकतीस. दिसलं तेच सांगितलं, तुमच्या शिकवणीप्रमाणे. तुम्ही खाली बसलात. आणि मग तुम्ही ते सगळं जुळवून मला समजावून सांगितलंत, जसं बसमध्ये सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी हेच पाणी तुम्ही टाकीत घातलं होतं. म्हणजे कालवतानाच मीठ जास्त पडलं, आणि नळीवरचा आकडा तुम्ही चुकीचा वाचला. “माझंच तप्पु हे, माझीच चूक. तू रोज साधं घालत गेलीस, रेघेच्या वर दोन बोटं घातलंस, बघ, म्हणून आकडा परत जागेवर आला. तू होतीस म्हणून एक तरी मला दिसली. माझे डोळे गेले गं.” तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. हाताला खारट वास होता. मी खाली बघत राहिले आणि तुम्हांला वाटलं, मला माशांचं वाईट वाटतंय.

त्या वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही रागावला असतात, आठ दिवस बोलला नसतात, मग बेंगळूरहून नवीन जोडी आणली असतीत आणि मला सगळ्या पाहुण्यांसमोर चिडवलं असतंत, ही बघा, ह्या बाईने मासे मुरवले. आयुष्यभर चिडवलं असतंत. मला ते परवडलं असतं. मी स्वतःला म्हणाले, आत्ता नको, थोडे दिवस जाऊ देत, हळूहळू सांगू. उडी नको. तुमचाच शब्द मी माझ्या भित्रेपणाला वापरला.

पुढच्या सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही आईच्या इन्सुलिनची सुई भरत होतात. बारा वर्षं तुम्हीच भरायचात, खिडकीच्या उजेडाशी धरून. त्या दिवशी तुम्ही ती वर धरलीत, खाली आणलीत, पुन्हा धरलीत. तिसऱ्यांदा खाली आणून माझ्यापुढे केलीत. “तू भर.” आई म्हणाली, “इतकी वर्षं भरताय की, आज काय झालं?” तुम्ही म्हणालात, “बेड, मी नको. मिठाचा आकडा चुकला तर मासे मेले. इथे चुकला तर?” मी सुई घेतली. दहाची रेघ बघितली आणि भरली. माझ्या हाताला कंपसुद्धा नव्हता, ह्याचं मला आजही नवल वाटतं. त्यानंतर स्कूटर गेली. मग बँकेतल्या फॉर्मवर तुमच्या आधी मी नजर फिरवायला लागले. मग तुम्ही गॅस बंद केल्यावर मला हाक मारायचात, “बंद आहे ना बघ.” कुलूप लावून पायरी उतरायचात आणि परत चढून ओढून बघायचात. ज्या माणसाच्या एका शब्दावर कडकोळला बॉयलर थांबायचा, तो माझ्याकडे बघून विचारायचा, बंद आहे ना? मी म्हणायचे, आहे अप्पा. टाकी विकली गेली. स्टँडवर आईने बरण्या मांडल्या. त्या वर्षीच्या मिडी इतक्या करकरीत झाल्या होत्या की तुम्ही दहीभाताबरोबर रोज मागून घ्यायचात, आणि मी वाढायचे.

दोन वर्षांनी मी तुम्हांला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं, मोतीबिंदू निघेल, तो काढतील, तुम्हांला सगळं स्वच्छ दिसेल आणि प्रकरण मिटेल. म्हणजे सांगण्याची गरजच उरणार नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अगदी कोवळा आहे, आत्ता काढायचीसुद्धा घाई नाही, एवढ्याने बारीक आकडे अडायला नकोत. मी आनंदाने तुमच्याकडे बघितलं. परत येताना रिक्षात तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, “डोळे सरी होते म्हणे. मग डोकंच सरी नव्हतं माझं.” इतकंच. रिक्षा सिग्नलला उभी होती. मी तुमच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ होते. चार शब्द पुरले असते. मी पर्समध्ये सुटे पैसे शोधायला लागले.

शेवटच्या आजारात तुम्ही मला ती नळी दिलीत, आत मखमल लावलेल्या तिच्या लाकडी पेटीसकट. “शाळेत मुलींना दाखव. तुझे डोळे चांगले आहेत.” मी ती एकदाही शाळेत नेली नाही. काल प्रयोग झाल्यावर घरी येऊन काढली. मखमल जागोजागी उडाली आहे, नळी धड आहे. कॅलेंडरचं ते एप्रिलचं पानही मी घडी करून त्याच पेटीत ठेवलं होतं, ते निघालं. तुमचे बारीक, सुबक आकडे, आणि मध्ये आठ कोरे चौकोन. आज सकाळी मी त्यातल्या सातव्यात पेन्सिलीने एकतीस लिहिलं. तुमच्या अक्षरांच्या शेजारी ते फार वेडंवाकडं दिसतंय. हे पत्रही त्याच पेटीत जाईल. पोस्टात टाकण्यासारखा पत्ता नाही, आणि आईच्या फोटोपुढे वाचून दाखवायचा धीर नाही.

पेटी बंद करण्याआधी वरचं सगळं पुन्हा वाचलं. एक ओळ चुकीची आहे. कुठल्या कॅनमधलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, असं मी लिहिलंय. इतकी वर्षं मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की पेनातून आपोआप उतरलं. तुम्ही सांगितलं होतं, अप्पा. वाकून, निळ्या झाकणावर टिचकी मारून सांगितलं होतं, “ह्यातलं. साधंच. मीठ कुठे जात नाही.” मी ऐकलं होतं, हूं म्हटलं होतं. आणि मनात म्हटलं होतं, अप्पांनी जन्मात कधी बरणी भरलीय का, त्यांना काय कळतं खारातलं. पहिल्या दिवशी मी निळं झाकण फिरवून उघडलंसुद्धा होतं. मग पुन्हा घट्ट लावलं.